परतल्यावरचे पहिले वर्ष

दीर्घकाळ परदेशी राहून परतणाऱ्याची पहिली कुचंबणा ही की, जो देश त्याने मनात जतन केलेला असतो तो त्याच्या गैरहजेरीत त्याच्यासाठी थांबलेला नसतो. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेस गेलेले गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईस कायमचे परतले, तेव्हा वर्षभर सार्वजनिक प्रश्नांवर मतप्रदर्शन न करता केवळ देश पाहावा, असे वचन त्यांचे राजकीय गुरू गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्याकडून घेतले. त्याच वर्षी फेब्रुवारीत गोखले निवर्तले आणि ती वार्ता कळताच बंगालमधून पुण्यास निघालेल्या गांधींना बर्दवान स्थानकावर तिसऱ्या वर्गाच्या तिकिटाकरिता ताटकळावे लागले. माझ्या मते पुढारीपणापूर्वीचे त्यांचे खरे शिक्षण अशा रांगांतच झाले.

आजच्या परतणाऱ्यापुढे अनिवासी बँक खाते निवासी करून घेण्याचे अर्ज, प्राप्तिकराचे हिशेब, मुलांच्या शाळेचे दाखले असे सोपस्कार असतात. पण ते कारकुनी असल्याने यथावकाश उरकतात. कठीण असते ते ‘तिकडे असं नसतं’ हे वाक्य ओठांवर आवरणे, कारण नळदुरुस्तीवाला ‘उद्या येतो’ म्हणून चार दिवस फिरकत नाही आणि शेजारी मात्र, अगदी आपुलकीने, ‘मग परत कधी निघणार?’ असे विचारीत राहतात.