मका कापायचा दिवस कसा ठरवतात?

मुलांनो, रियाधहून सुटलेल्या विमानाच्या खिडकीतून वाळवंटात हिरवी वर्तुळं दिसतात, ती तुम्ही पाहिली असतील. मधल्या खांबाभोवती पाण्याचा लांबलचक नळ फिरत राहतो, म्हणून शेत गोल. हे पाणी जमिनीखाली हजारो वर्षांपूर्वी साठलेलं. उपसलं की संपलं, कारण ते भरून काढायला पाऊसच नाही. म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये सौदी सरकारने हिरव्या चाऱ्याची लागवड टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. आपण ज्यांचं दूध पितो त्या अलमराई कंपनीने तर २०१४ सालीच अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेती विकत घेतली होती, इथल्या गाईंसाठी लसूणघास पिकवायला. तो वाळवून, गठ्ठे बांधून जहाजाने आणता येतो.

मक्याचा मुरघास मात्र असा लांबून आणणं परवडत नाही. त्यात दोन तृतीयांश पाणीच असतं! आणि गंमत म्हणजे ते तेवढंच असावं लागतं.

मुरघास म्हणजे मुरवलेला चारा. हिरवा मका कणसांसकट बारीक कापायचा, खड्ड्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून दाबून भरायचा आणि हवा बंद करायची. आतले जिवाणू मक्यातल्या साखरेचं आम्ल करतात आणि चारा महिनोन्महिने टिकतो. आपल्याकडे नगर, सोलापूर, कोल्हापूर भागांतले शेतकरी उन्हाळ्याची बेगमी म्हणून तो करून ठेवतात. खड्डा बिघडला तर एप्रिल-मेमध्ये जनावरांपुढे टाकायचं काय?

बिघडतो तो बहुतेक ओलाव्यामुळे. खड्ड्यासाठी ओलावा ६५ ते ७० टक्के हवा. जास्त असेल तर रस गळून सत्त्व वाहून जातं, नको ते जिवाणू माजतात आणि घाण वास सुटतो. कमी असेल तर चारा नीट दबत नाही, आत हवा राहते, बुरशी येते.

जुने लोक कापलेला चारा मुठीत घट्ट दाबून बघतात. रस गळला तर थांबा. गोळा हळूहळू सुटला तर बेत बरा. मूठ उघडताच विखुरला तर उशीर झाला. कणीस मधोमध मोडूनही अंदाज येतो. दाण्यात वर पिठूळ आणि खाली दुधाळ भाग दिसतो. त्यांच्यामधली रेषा दिवसागणिक खाली सरकते. ती निम्म्यावर येऊ लागली की मोजायला लागायचं. पण फक्त रेषेवर विसंबू नये. वाण आणि हवामान बदललं की हिशेब बदलतो.

खरं माप भट्टीत. शेताच्या कडेची ताटं सोडून आतली दहा-पंधरा ताटं निरनिराळ्या ठिकाणांहून घ्यायची, कापून एकत्र कालवायची आणि त्यातला १०० ग्रॅम चारा मायक्रोवेव्ह भट्टीत वाळवायचा. शेजारी पेलाभर पाणी ठेवायचं, नाहीतर चारा पेट घेतो. (आईची परवानगी आधी काढा. वास बराच वेळ रेंगाळतो.) थोडं तापवायचं, वजन करायचं, पुन्हा तापवायचं, वजन घटायचं थांबलं की झालं. २८ ग्रॅम उरले तर ओलावा ७२ टक्के.

आता तारीख. उभ्या मक्यातला ओलावा साधारण रोज अर्धा टक्का उतरतो. ७२ वरून ६६ वर यायला बारा दिवस. पण कोरड्या, कडक उन्हात तो रोज एक टक्काही उतरतो, म्हणजे सहाच दिवस. आम्हा संगणकवाल्यांना एका आकड्यावर भरवसा नसतो. चार दिवसांनी पुन्हा मोजा. दोन मापांतल्या फरकावरून तुमच्या शेताचा खरा वेग कळेल, आणि कापणीचं यंत्र कोणत्या दिवशी बोलवायचं तेही.

जाता जाता एक गणित. कापलेला १००० किलो मका सुकून ७२ टक्के ओलाव्यावरून ६६ वर आला, तर वजन किती उरेल? पुष्कळ जण ९४० म्हणतील. पण कोरडा भाग तेवढाच, २८० किलो राहतो, आणि आता तो एकूण वजनाच्या ३४ टक्के आहे. म्हणजे वजन सुमारे ८२३ किलो! किलोच्या भावाने चारा विकत घेणाऱ्याने ओलावा न विचारता पैसे दिले, तर उरलेल्या १७७ किलोंना तो फक्त पाणी विकत घेतो.