मेट्रोचा हादरा आणि भिंतीचा तडा

दुसरबीडची कितीतरी पोरं कामाधंद्यासाठी मुंबई-पुण्यात राहतात. सणासुदीला गावी आली की एक वाक्य हमखास कानी पडतं: ‘खालून मेट्रो गेली, आता वरच्या चाळी पडणार.’

गैरसमज : हादरा जाणवतो, म्हणजे इमारत खिळखिळी होते.

वस्तुस्थिती : नाही, आणि हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं याचा वैताग येतो. ब्रिटिश मानक ५२२८ नुसार घरात बसलेल्या माणसाला सेकंदाला ०.३ मिलिमीटर वेगाचं कंपनसुद्धा जाणवू शकतं. सतत चालणाऱ्या कंपनांसाठी जर्मन मानक ४१५० ची मर्यादा साध्या घरांना ५ मिलिमीटर आणि नाजूक वारसा इमारतींना २.५ मिलिमीटर आहे. म्हणजे जाणवणं आणि नुकसान यांत किमान आठपटींचं अंतर आहे. आपल्या मेहकर रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की तावदानं वाजतात. म्हणून घर पडत नाही.

भीतीचं मूळ बांधकामाच्या काळात आहे. खडक फोडताना, पाया खणताना बसणारे हादरे धावत्या गाडीपेक्षा कितीतरी मोठे असतात. २०१७ मध्ये मुंबईच्या फोर्टमधल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या दर्शनी भागाचा तुकडा पडला आणि मेट्रो-३ च्या कामाचा वाद उच्च न्यायालयात गेला. अशा कामावर कडक नजर हवीच. पण त्याचं खापर रोजच्या गाडीवर फोडू नका.

रहिवाशांना ऐकू येणारी घरघर मात्र खरी असते. चाक आणि रूळ यांच्या बारीक खडबडीतून कंपनं उठतात. बोगदा, खडक, पाया अशी वर चढतात आणि भिंती घुमू लागतात. घर शाबूत राहतं, झोप मोडते.

उपाय रुळाखालीच आहे. कफ परेड ते आरे हा ३३.५ किलोमीटरचा मेट्रो-३ मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. तिथे रूळ ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसतो, ते रबरी बुटात घातलेले असतात आणि तळाशी लवचीक गादी असते. जास्त नाजूक जागी रुळाखालची अख्खी लादीच रबरावर किंवा स्प्रिंगवर ठेवतात.

थोडक्यात आणखी काही :

- ‘खोल बोगदा म्हणजे निर्धास्त.’ खोलीचा फायदा होतो, पण कठीण खडक कंपनं दूरवर नेतो.
- ‘खिडकी लावली की आवाज बंद.’ तो हवेतून नाही, भिंतीतून येतो.
- ‘रबर घातलं, काम झालं.’ रूळ घासून गुळगुळीत ठेवले नाहीत आणि चाकं गोल राखली नाहीत, तर घरघर परत येते.

‘इमारत पडेल’ अशी ओरड केली की अधिकारी ती एका आकड्यात खोडून काढतात आणि झोपमोडीची खरी तक्रारही तिच्यासोबत बाद होते. म्हणून रात्री घरात घेतलेलं मोजमाप मागा, रूळ शेवटचे कधी घासले ते विचारा. मार्ग अजून व्हायचा असेल तर रूळ पडण्याआधीच विचारा. काँक्रीट भरल्यावर खालची गादी बदलणं फार महागात पडतं.