संगम झाला, तरी पाणी वेगळेच!

दोन नद्या एकत्र आल्या की त्यांची एक नदी झाली, असे आपण सहज म्हणतो. नकाशावरही तसेच दिसते. प्रत्यक्षात मात्र संगमानंतर दोन नद्यांचे पाणी एकाच पात्रातून, शेजारी शेजारी, कितीतरी कोस वेगवेगळे वाहत राहते. नदीचे पाणी शेताला वा घराला घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याचे ठळक उदाहरण दक्षिण अमेरिकेत आहे. अर्जेंटिनाच्या उत्तर सीमेवर पाराना व पॅराग्वाय या दोन मोठ्या नद्या मिळतात. पाराना पूर्वेकडून येते. तिच्यावर इताइपू (वीजनिर्मिती १९८४ पासून) व यासिरेता (१९९४ पासून) ही प्रचंड धरणे आहेत. धरणांत गाळ खाली बसतो, म्हणून तिचे पाणी बरेच निवळ असते. पॅराग्वाय उत्तरेकडून येते. संगमापूर्वी थोडे अंतर आधी तिला बेर्मेहो नावाची उपनदी मिळते. बेर्मेहो म्हणजे तांबूस! ही नदी अँडीज पर्वताची माती धुऊन आणते. त्यामुळे पावसाळ्यात पॅराग्वायचे पाणी अगदी गढूळ होते.

संगमाच्या खाली पूर्व तीरावर कोरिएंतेस शहर आहे. समोर, पश्चिमेकडे, बारांकेरास बंदर व त्याला लागून रेसिस्टेन्सिया शहर आहे. दोन्ही शहरे १९७३ साली बांधलेल्या पुलाने जोडलेली आहेत. नदी एकच, पण पूर्वेच्या काठाला पारानाचे निवळ पाणी, तर पश्चिमेच्या काठाला पॅराग्वायचे गढूळ पाणी! गाळ जास्त असला की पाणी शुद्ध करण्याचे कामही जास्त पडते.

असे का होते? मोठी नदी खोलीच्या मानाने फारच रुंद असते. खोली काही मीटर, तर रुंदी किलोमीटरभर किंवा त्याहून अधिक. वरचे पाणी खालच्यात लवकर मिसळते. पण या काठाचे पाणी त्या काठापर्यंत पसरायला फार वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात प्रवाह पुष्कळ पुढे गेलेला असतो. खोली व वेग तेच राहून रुंदी दुप्पट झाली, तर मिसळण्याचे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते.

हे अंतर नेहमी सारखे नसते. याच संगमाविषयी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, एरवी शेकडो किलोमीटर वेगळी राहणारी पाणी एखाद्या वेळी अवघ्या ८ किलोमीटरांत मिसळतात. गाळाने जड झालेले पाणी जोराने आले, की ते निवळ पाण्याच्या खाली घुसते. मग तळाचे पाणी एकीकडे व वरचे दुसरीकडे सरकून सगळे पात्र घुसळले जाते. ताकाच्या डेऱ्यात रवी फिरवावी, तसेच काहीसे!

आता आपल्या कामाचे. प्रयागला गंगा-यमुनेचे दोन रंग अनेकांनी पाहिले असतील. गावाच्या नदीला नाला किंवा कारखान्याचे सांडपाणी मिळते तिथेही हाच नियम लागतो. नदी लहान असेल तर अंतर कमी, एवढाच फरक. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. "नदी मोठी आहे, घाण विरून जाईल," या भरवशावर राहू नये. ज्या काठाने नाला मिळतो, त्याच काठाने घाण लांबवर जाते. पंपाचा फुटबॉल नाल्याच्या वरच्या अंगाला बसवावा.

२. पाणी तपासायला देताना एकाच काठाची बाटली भरू नये. दोन्ही काठांचे व मधल्या धारेचे वेगवेगळे नमुने घ्यावेत. पावसाळ्यात व उन्हाळ्यात पुन्हा तपासावे.

३. काठावरच्या विहिरीत बहुधा त्याच काठाचे पाणी झिरपते, हे विसरू नये.

४. निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. तुरटीने गाळ बसतो, पण सगळे रोगजंतू मरत नाहीत. गढूळ पाण्यात ब्लीचिंग पावडरही नीट काम करत नाही. आधी पाणी निवळू द्यावे, गाळावे आणि मग उकळून प्यावे.

रंगाची रेघ दिसली तर आपण सावध होतो. पण मीठ, रसायने व रोगजंतू यांना रंग नसतो. त्यांची रेघ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपला काठ कोणत्या पाण्याचा, हे आधी विचारावे.