दारामागचा माणूस

बक्षिसांच्या टी.व्ही. कार्यक्रमांत तुम्हाला सर्वांत जास्त काय आवडते, असा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला होता. कोणी बक्षिसाची रक्कम सांगितली, कोणी अमिताभ बच्चनचा आवाज सांगितला. मला विचाराल, तर मला आवडतात ती तिथली सरकणारी दारे, फिरणारी चाके आणि गरकन वळून नवे बक्षीस पुढे आणणारे चौथरे. मराठीच्या प्राध्यापिकेने असल्या गोष्टींत जीव रमवावा, हे काही जणांना रुचणार नाही. पण वाचकहो, माझे वडील फिटर होते. आमच्या घरी कोणतीही हलती वस्तू दिसली की पहिला प्रश्न एकच असे : "हे हलवतं कोण?"

आम्ही बोईसरचे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, जवळच औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि पोटापाण्यासाठी कुठून कुठून माणसे बोईसर स्टेशनवर उतरू लागली. त्यांतलेच एक आमचे अण्णा. दिवसा कारखान्यात पाना चालवावा आणि गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या नाटकाचे नेपथ्य सांभाळावे, असा त्यांचा क्रम होता. तोंडाला रंग लावण्याची त्यांना कधी इच्छा झाली नाही. त्यांची जागा पडद्यामागची.

तरुणपणी त्यांनी दादरला 'तो मी नव्हेच' पाहिले होते. आचार्य अत्र्यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीला झाला. प्रभाकर पणशीकर त्यात पाच सोंगे वठवीत. आणि कोर्टातून लखोबाच्या एकेका लबाडीच्या जागी प्रेक्षकाला झटपट नेऊन आणावे, म्हणून तिथे फिरता रंगमंच वापरला होता. लोक पणशीकरांविषयी बोलत घरी गेले. अण्णा मात्र तो रंगमंच कसा फिरत असेल, याचा विचार करीत बोईसरच्या गाडीत बसले.

या विचाराचे फळ म्हणजे आमच्या मंडळाचा फिरता रंगमंच! लोखंडी अँगलचा सांगाडा, वर फळ्या, खाली मोडीत निघालेली बेअरिंगे आणि भरपूर ग्रीस. चार जण मागून लोखंडी पाइप धरून तो ढकलीत. पहिल्याच प्रयोगात तो अर्ध्यावर अडला आणि दिवाणखान्यातील नायिकेला प्रेक्षकांसमोर तिरपे उभे राहून अश्रू ढाळावे लागले. पण दुसऱ्या वर्षी तो लोण्यासारखा फिरला. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. विंगेत बसून मी तो सोहळा पाहत असे. समोरच्या लोकांना घरातून एकदम बाग दिसे. मला चार घामेजलेले पाठमोरे काका दिसत.

फिरत्या रंगमंचाची ही कला तशी जुनी. जपानच्या काबुकी रंगभूमीवर १७५८ साली ओसाका शहरात नामिकी शोझो नावाच्या नाटककाराने ती आणली, आणि तिथेही तळघरात उतरून माणसेच ती चाती ढकलीत. युरोपात ती १८९६ साली म्युनिकला पोहोचली. पुढे टेलिव्हिजन आला आणि नाटकाची ही सारी आयुधे त्याने उचलली. फरक एवढाच, की रंगमंचावर बागेतून कोर्टात जायचे असे. इथे रिकाम्या हातातून मोटारगाडीपर्यंत जायचे.

अमेरिकेत १९७२ साली 'द प्राइस इज राइट' हा कार्यक्रम नव्या थाटात सुरू झाला. प्रचंड दारे सरकत आणि फिरत्या चौथऱ्यावरून शीतकपाटे नि सोफे पुढे येत. १९७५ पासून त्यात माणसापेक्षा उंच असे एक चाक आले. त्यावर पाच सेंटपासून एक डॉलरपर्यंत वीस घरे. स्पर्धकाने ते स्वतःच्या हाताने खाली ओढायचे, आणि एक किंवा दोन फेऱ्यांत एक डॉलरच्या जवळ पोहोचायचे, पण त्यापुढे जायचे नाही. इंग्लंडात बी.बी.सी.ने १९७१ साली 'द जनरेशन गेम' काढला. त्यात बक्षिसे एका सरकत्या पट्ट्यावरून समोरून जात आणि नंतर जेवढी नावे आठवतील, तेवढी पदरात पडत. असा पट्टा आमच्या तारापूरच्या वसाहतीत पुष्कळांच्या नित्य परिचयाचा! मात्र त्यावरून जाणारे काहीच आपल्या घरी येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

पण या सर्वांचा राजा म्हणजे बंद दार. ३० डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत 'लेट्स मेक अ डील' सुरू झाला. मॉन्टी हॉल नावाचा हसतमुख गृहस्थ तुमच्या हातावर नोटा ठेवी आणि विचारी, "हे घेता, की ते दार उघडू?" दारामागे मोटार असे, नाहीतर एखादी निरुपयोगी, हसू आणणारी वस्तू. हाच खेळ २००१ साली 'खुल जा सिम सिम' या नावाने आपल्याकडे आला. त्याच्या आदल्याच वर्षी, ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाला होता आणि ऑक्टोबरात मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला होता. घरोघरी बक्षिसांचा ताप चढला होता. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे केबल होती, त्यांच्याकडे संध्याकाळी चपला ठेवायला जागा उरत नसे.

त्याच वर्षी अण्णांच्या कारखान्याच्या फलकावर एक नोटीस लागली. ज्यांना स्वेच्छानिवृत्ती हवी असेल, त्यांनी महिन्याच्या आत अर्ज करावा. ठरलेली रक्कम एकरकमी हातात मिळेल. ज्यांना नको असेल, त्यांची नोकरी चालू राहील. अण्णा तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, धाकटा भाऊ शाळेत. एका बाजूला हातातली रोकड, दुसऱ्या बाजूला बंद दार.

त्या महिन्यात आमच्या घरी जेवताना कोणी फारसे बोलत नसे. आई म्हणे, "नोकरी आहे तोवर घर आहे." शेजारचे काका त्याच कारखान्यात मशिनवर होते, ते म्हणत, "कंपनी कुठं पळून जाते?" एके रात्री 'खुल जा सिम सिम' चालू होता. कोणा बाईंनी पैसे नाकारून दार मागितले. वाद्ये घुमू लागली, दार हळूहळू सरकू लागले, आणि चाळीतल्या सगळ्यांनी श्वास रोखले. अण्णा एकटेच म्हणाले, "ते दार आपोआप सरकत नाही. मागं माणूस असतो. आणि दार उघडायच्या आधी त्याला ठाऊक असतं, मागं काय आहे ते."

दुसऱ्या दिवशी ते कारखान्याच्या स्टोअरकीपरकडे गेले. त्यांनी फक्त एक गोष्ट विचारली : पुढच्या वर्षाची बेअरिंगे मागवली आहेत का? स्टोअरकीपरने इकडेतिकडे पाहिले आणि मान हलवली. सहा महिन्यांपासून सुट्या भागांची एकही मागणी वर मंजूर झाली नव्हती. ज्याला कारखाना चालवायचा आहे, तो बेअरिंगांवाचून कसा चालवील? "पण माझं नाव कुठं घेऊ नका," स्टोअरकीपर म्हणाला. अण्णांनी शब्द दिला आणि आठवड्याच्या आत अर्ज भरला.

काकांनी नळावर त्यांना गाठले. "तू का रे घेतोस?"

"गुडघे दुखतात," अण्णा म्हणाले.

पुढल्या वर्षी कारखान्याला टाळे लागले. काकांच्या हिशेबाचे पैसे तुकड्या-तुकड्यांनी, काही वर्षांनी आले. मधल्या काळात त्यांनी दुसऱ्या एका गेटवर रात्रपाळीची राखणदारी केली. अण्णांच्या रकमेतून एक छोटे दुरुस्तीचे दुकान निघाले आणि माझे एम.ए. झाले. मी आज पालघरच्या कॉलेजात शिकवते. बोईसरहून निघालेली गाडी उमरोळीला थांबते आणि पुढचे स्टेशन पालघर. या एवढ्याशा प्रवासात मला कितीदा तरी ते गुडघे आठवले आहेत. अण्णांचे गुडघे कधीच दुखत नव्हते.

मध्यंतरी स्टाफरूममध्ये गणिताच्या सहकाऱ्यांनी मॉन्टी हॉलच्या नावाने प्रसिद्ध असलेले एक कोडे घातले. तीन दारे, एकामागे मोटार, दोहोंमागे शेळ्या. तुम्ही एक दार निवडता. यजमानाला मोटार कुठे आहे ते ठाऊक असते. तो उरलेल्या दोहोंपैकी शेळीचे दार उघडतो आणि विचारतो, "निवड बदलता का?" बहुतेकांना वाटते, आता दोनच दारे उरली, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी. तसे नाही. पहिली निवड तीनांत एकदाच बरोबर असते; म्हणून बदलणारा तीनांत दोन वेळा जिंकतो. १९९० साली मेरिलिन व्होस सावंत या अमेरिकन लेखिकेने आपल्या सदरात हे उत्तर छापले, तेव्हा सुमारे दहा हजार पत्रे आली. त्यांतले कितीतरी डॉक्टरेट मिळवलेले विद्वान तिलाच चुकीचे ठरवीत होते. बरोबर तीच होती. आम्ही तीन कप पालथे घालून खडूच्या तुकड्यावर तासभर हा खेळ खेळलो. बदलणारा पक्ष सरळ पुढे गेला.

गंमत अशी, की यजमानाला जर काही ठाऊक नसेल आणि त्याने अंदाजाने दार उघडून शेळी निघाली, तर शक्यता खरोखरच निम्मी-निम्मी होते. सगळा फरक त्याला ठाऊक असण्याने पडतो. पुढे १९९१ साली खुद्द मॉन्टी हॉलनेही सांगितले, की आपण नियमाने बांधलेले नव्हतो. कधी दार उघडावे, कधी नोटा वाढवाव्या, हे आपल्या हाती होते. अण्णा कधी कॉलेजात गेले नाहीत, पण त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता.

गेल्या दिवाळीत काका फराळाला आले होते. दोघेही आता सत्तरीपलीकडचे. मी कपांचा खेळ मांडला आणि कोडे समजावून सांगता सांगता, न राहवून, मागल्या गोष्टीपाशी आले. अण्णा गप्प झाले. मग त्यांनी चकलीचा तुकडा ताटलीत ठेवला आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं रे. तुला सांगितलं नाही. शब्द दिला होता."

काकांनी चहा संपवला. "मी मशिनवर होतो," ते म्हणाले. "जुनी बेअरिंगं पुसून पुसून परत बसवत होते. मला ठाऊक नसेल काय? पण वीस वर्षं एका दारानं आत गेलो. दुसरं दार घेतलं असतं आणि चुकलं असतं, तर मला घरी बसवलं नसतं."

अण्णा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. तेवीस वर्षे उराशी धरलेले ओझे कुठे ठेवावे, ते त्यांना समजेना. मीच मग कप फिरवले आणि काकांना विचारले, "कोणता?"

"मधला," काका म्हणाले.

मी कडेचा एक कप उचलला. रिकामा होता. "आता बदलता का?"

काकांनी अण्णांकडे पाहिले. "तू सांग. या वेळी तरी सांग."

"बदल," अण्णा म्हणाले.