ठाण्याची जुनी गाडी : स्वस्त कोणती, महाग कोणती?



ऊस विकास विभागाने मोटारगाडीवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु गटागटांतून शिवारफेरी करताना आम्हाला हल्ली बेणे आणि खतांच्या बरोबरीने आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, पोरगं ठाण्याहून जुनी गाडी आणायची म्हणतंय. घ्यावी का?" उसाचे बिल हातात आले की हा प्रश्न जोर धरतो. म्हणून याविषयी चार गोष्टी एकत्र सांगाव्यात असे ठरविले.

प्रथम पैशाचा अंदाज घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरली आहे. या हिशेबाने तीन लाखांची गाडी म्हणजे सुमारे ८५ टन ऊस. एकरी ४० टन धरला तरी दोन एकरांहून जास्त उसाचे बिल, आणि तेही तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वीचे. बारा-चौदा महिने पाणी पाजून, राखण करून आणलेले पीक आपण एका दुपारी, एका सहीवर दुसऱ्याच्या हवाली करतो. तेव्हा घाई नको.

वागळे इस्टेटच का?

आपल्या कृष्णाकाठच्या गावांतील पुष्कळ कुटुंबे ठाण्यात आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली, ती घोषणाही वागळे इस्टेटमध्येच झाली होती. तेथील कारखान्यांत कामाला म्हणून आपल्याकडची माणसे गेली आणि किसननगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर या भागांत स्थिरावली. पुढे बरेच कारखाने बंद पडले, त्या जागी कचेऱ्यांच्या इमारती आल्या. परंतु गॅरेजे, डेंटिंग-पेंटिंगचे गाळे, सुट्या भागांची दुकाने आजही तेथे आहेत. म्हणजे गाडी बघायला गेलेल्या माणसाला मुक्कामाला नातेवाईक आहे आणि तपासून द्यायला मिस्त्रीही जवळ आहे. ही मोठी सोय.

दुसरे कारण असे की शहरात गाडी बदलण्याचे प्रमाण जास्त. नोकरदार माणूस चार-पाच वर्षांत गाडी काढतो. दसरा-दिवाळी आणि पाडव्याला नवी गाडी घेताना जुनी देऊन टाकतो. माल जास्त म्हणून निवडीला वाव जास्त. पितृपक्षात लोक खरेदी टाळतात, तेव्हा विकणारा थोडा नरम असतो. डिसेंबरअखेरही तसेच, कारण जानेवारी उजाडला की गाडी कागदावर एका वर्षाने म्हातारी होते.

आणि तिसरे कारण, गाडी महाराष्ट्रातलीच असल्याने एकरकमी भरलेला कर पुन्हा भरावा लागत नाही. ठाण्याचा एमएच-०४ किंवा कल्याणचा एमएच-०५ हा नंबर साताऱ्यात आणली तरी तोच राहतो. याउलट दिल्लीकडे जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या कमी किमतीत दाखविल्या जातात. तिकडची ना-हरकत आणून, इथला कर भरून, नवा नंबर घेईपर्यंत तो स्वस्तपणा उरत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो प्रकार होतो.

भाव कसा ठरवावा?

विकणारा सांगेल तो भाव नव्हे. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना जी घट लावतात, ती घरबसल्या हिशेबाला चांगली आहे. त्याच मॉडेलच्या आजच्या नव्या किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के वजा करतात. सहा लाखांची गाडी पाचव्या वर्षात असेल तर तीन लाख. चालू विमा पॉलिसीवर हा आकडा छापलेलाच असतो, तो आधी पाहावा. बाजारभाव त्याच्या थोडा वरखाली असतो, पण बोलणी कुठून सुरू करावी हे त्यावरून कळते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली म्हणजे जुनीही त्या प्रमाणात उतरायला हवी. तेव्हा "गेल्या वर्षी अशीच गाडी एवढ्याला गेली" हे बोलणे ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे.

खरा भाव म्हणजे गाडी दारात आणून वर्षभर बिनघोर चालवायला लागणारा एकूण पैसा. समजा एक गाडी २ लाख ४० हजारांना मिळते, पण तिला टायर १६ हजार, क्लच १५ हजार, बॅटरी ५ हजार, विमा १२ हजार आणि खालचे काम १४ हजार असा खर्च आहे. ती पडली ३ लाख २ हजारांना. दुसरीचे २ लाख ८५ हजार सांगतात, विमा चालू आहे, टायर नवे आहेत, किरकोळ ५ हजारांचे काम आहे. ती पडली २ लाख ९० हजारांना. दिसायला महाग होती तीच १२ हजारांनी स्वस्त निघाली.

आधी कागद, मग गाडी

बैलबाजारात आपण आधी दात बघतो. गाडीचे दात म्हणजे आर.सी. बुक. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, कर्जाची नोंद समजते. त्यावरून पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवर आणि आर.सी.वर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. खरवडलेला दिसला तर तेथूनच परत फिरावे.

२) आर.सी.वर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हवा. आमच्या एका गटात सभासदाने पूर्ण पैसे देऊन व्हॅन आणली, मागाहून कळले की आधीच्या मालकाचे चार हप्ते थकलेले. फायनान्सची माणसे गाडी न्यायला थेट वस्तीवर आली. बोजा असेल तर सातबारा जसा कोरा करून घेतो तसा आर.सी. कोरा झाल्यावरच शेवटचा पैसा द्यावा.

३) ई-चलनाचा दंड थकलेला नाही ना हे पाहावे. शहरातल्या गाडीवर बरीच चलने साचलेली असतात. ती विकणाऱ्यानेच भरावीत.

४) गाडी पूर्वी टॅक्सी म्हणून चाललेली आहे का, हे विचारावे व नोंदीत पाहावे. पिवळ्या पाटीची पांढरी करून घेता येते, त्यात गैर काही नाही. परंतु टॅक्सीची धाव वेगळी आणि घरच्या गाडीची वेगळी, म्हणून भावही वेगळा.

५) सी.एन.जी. किट असेल तर त्याची नोंद आर.सी.वर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी करावयाची चाचणी झालेली हवी. शिवाय आपल्या गावापासून सी.एन.जी. पंप किती लांब, याचाही विचार करावा.

६) व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याच्याकडे आर.टी.ओ.चे अधिकारपत्र आहे का विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते आवश्यक झाले आहे.

पाण्यात बुडालेली गाडी

सर्वांत जास्त फसगत येथे होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना ठाऊक आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा बदलापूर-कल्याण भागात सोसायट्यांच्या खाली उभ्या असलेल्या मोटारीही पाण्यात होत्या. बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या लिलावात काढतात. त्या धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात येऊ शकतात. आपल्याकडे २०१९ आणि २०२१ ला कृष्णेच्या पुरात बुडालेल्या मोटारींची गत आपण पाहिलीच आहे. इंजिन चालू होते, पण वायरिंग वर्ष-दोन वर्षांत गंजत गंजत जाते आणि रात्री-अपरात्री रस्त्यात दगा देते.

अशी गाडी ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढावा, तळाशी मातीची रेघ किंवा डाग दिसतो. पायाखालचा गालिचा उचलून खाली गंज आहे का बघावे. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालावा. सीटखालच्या नटबोल्टांवर तांबेरा, दिव्यांच्या काचेत वाफ आणि आत उग्र अत्तराचा वास असेल तर सावध व्हावे. कुबट वास झाकायलाच अत्तर मारतात.

चालवून बघणे

बैल जसा नांगराला जुंपून बघतो, तशी गाडीही चालवूनच बघावी. सकाळी जावे व इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपला दोष लपविते. धूर निळसर असेल तर ऑईल जळते. काळा असेल तर इंधन जास्त जाते. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे. ऑईलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरा थर दिसला तरी तेच दुखणे.

ठाण्याच्या गाडीचा मीटर बघून हुरळून जाऊ नये. तीन हात नाक्यावर किंवा घोडबंदर रस्त्यावर गाडी तासभर हळूहळू सरकते तेव्हा मीटर फार पुढे जात नाही, पण इंजिन आणि क्लच तासभर झिजतातच. म्हणून चढावर क्लच घसरतो का ते बघावे. मीटर मागेही फिरविलेला असू शकतो. कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनमधील नोंदीत प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात, त्या मालकाकडून मागून घ्याव्यात. टायरवरही साक्ष असते. कडेला छापलेल्या आकड्यांतील शेवटचे चार पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी "वीस हजारच चालली" म्हणतात आणि चारही टायर बदललेले आहेत, तर काहीतरी जुळत नाही.

ओळखीचा नातेवाईक दाखवितो त्याच गॅरेजात तपासणी करू नये, विकणाऱ्याच्या गॅरेजात तर नाहीच. ज्याचा या सौद्यात पैसा अडकलेला नाही अशा मिस्त्रीला त्याची मजुरी देऊन तपासून घ्यावी. बेणे प्लॉट पाहिल्याशिवाय आपण बेणे उचलत नाही, तसेच हे.

नाव बदलल्याशिवाय सौदा पुरा नाही

सर्वांत महत्त्वाचे हेच. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून, किल्ली घेऊन आले म्हणजे गाडी आपली झाली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. 'नो क्लेम बोनस' आधीच्या मालकाचा असतो, तो आपल्याला मिळत नाही. नाव न बदलता गाडीचे नुकसान झाले तर विम्याची भरपाई अडकते.

आणि हे घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्यालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले की अपघाताची भरपाई आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, गाडी मग कितीही हातांतून पुढे गेलेली असो. आपल्यापैकी कित्येकांनी जुनी जीप, मोटारसायकल "कागद नंतर करू" म्हणून देऊन टाकल्या आहेत. ती गाडी आज कोण चालवितो हे माहीत नाही, पण नाव आपले आहे. अशा सभासदांनी आजच ॲपवर आपला जुना नंबर टाकून बघावा आणि घेणाऱ्याला गाठून काम पुरे करावे.

थोडक्यात

- भाव सांगण्यापूर्वी पॉलिसीवरील किंमत बघा आणि पुढचा खर्च मिळवून हिशेब मांडा.
- कागद कोरे नसतील तर कितीही कमी भाव असला तरी सोडा.
- पुरातली खूण दिसली तर पुढे बोलणी करू नका.
- इसार कमी द्या, पावती घ्या, पैसा बँकेमार्फत द्या. काही रक्कम नाव बदलेपर्यंत हातात ठेवा.
- एकाच फेरीत गाडी आणायचीच असा हट्ट धरू नका. किमान तीन-चार गाड्या बघा.

गाडी ही चैन राहिली नाही हे आम्हालाही मान्य आहे. दवाखाना आहे, पोरांची शाळा-कॉलेजे आहेत, लग्नकार्ये आहेत. नव्या गाडीचे हप्ते अंगावर घेण्यापेक्षा नीट पारखून घेतलेली जुनी गाडी शेतकरी कुटुंबाला निश्चित परवडते. मात्र ती पारखायला दोन दिवस आणि मिस्त्रीची मजुरी एवढे तरी खर्ची घालावे. दोन एकर उसाच्या मोलापुढे तो खर्च काहीच नाही.

— ऊस विकास अधिकारी