रोही : नावात चार जनावरं

कल्याणला रात्री विदर्भ एक्स्प्रेस पकडली असेल, तर सकाळी बडनेरा मागे पडल्यावर झोपू नका. खिडकीशी बसा. तुरीच्या बांधावर घोड्याएवढं, राखी-निळसर जनावर उभं दिसलं की समजा, रोही! पुस्तकातली नीलगाय. आशियातला सगळ्यात मोठा कुरंग. थोराड नर अडीचशे किलोच्याही पुढे जातो.

निळा मात्र फक्त नरच. मादी तपकिरी आणि बिनशिंगी.

आता खरी गंमत. ‘गाय कसली, हे तर हरीण,’ असं आपण मुलांना ठासून सांगतो. पण रोही काळविटापेक्षा गाई-म्हशींना जवळचा आहे, त्यांच्याच उपकुळातला. आफ्रिकेच्या माळरानावरचा ईलंडही याच गोतावळ्यातला. तो तर नऊशे किलोपर्यंत भरतो आणि चालताना त्याच्या पुढच्या पायांतून टक्‌टक्‌ आवाज येतो! रोह्याचा सगळ्यात जवळचा नातलग मात्र जेमतेम वीस किलोचा : आपला चौसिंगा. चार शिंगांचा असा रानकुरंग जगात दुसरा नाही.

रोह्याचं शास्त्रीय नाव बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस; त्यातलं ‘ट्रॅगोकॅमेलस’ हे पीटर पालास या शास्त्रज्ञाने १७६६ साली दिलं. पूर्ण नावाची फोड केली तर निघतात बैल, हरीण, बोकड आणि उंट. उतरती पाठ आणि गळ्याखालचा केसांचा झुपका पाहिला की ही खिचडी पटतेच. पुढे तीनच वर्षांत, १७६९च्या सुमारास, इंग्लंडमध्ये पोचलेल्या एका रोह्याचं चित्र जॉर्ज स्टब्ज या नामवंत चित्रकाराने रंगवलं. विसाव्या शतकात रोही अमेरिकेतल्या टेक्सासला नेले, तिथे ते हजारोंनी वाढले.

नरांची झुंज पाहण्यासारखी : दोघे गुडघे टेकून मानेला मान भिडवतात. आणि लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा ठरलेल्याच जागी येतात, तिथे ढीगच साचतो. पिल्लं बहुधा जुळी.

हे सगळं वाचायला मजेचं. पण ज्याच्या हरभऱ्यात रात्रीतून कळप शिरतो, त्याला विचारा. साध्या कुंपणाला रोही जुमानत नाही. तुमची गाडी अकोला सोडते त्या पहाटे तिथला शेतकरी मचाणावर बॅटरी घेऊन जागलीला बसलेला असतो.