दर नव्वद दिवसांनी नवा पासवर्ड : वैतागातून संशोधनप्रश्न कसा काढायचा?

मागच्या पावसाळ्यात फिल्डवर्कसाठी एका गावात होते. शनिवारी दुपारी ऑफिसचं मेल उघडलं, तर समोर सूचना : ‘तुमच्या पासवर्डची मुदत संपली आहे.’ बदलायला गेले, तर बदलायची लिंक त्याच मेलबॉक्समध्ये पाठवली होती! म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आतच. तांत्रिक विभाग सोमवारपर्यंत बंद. एका परिषदेच्या प्रवास अनुदानाला रविवारी रात्रीपर्यंत होकार कळवायचा होता, तो राहून गेला. अनुदान दुसऱ्याला मिळालं.

सोमवारी खातं उघडलं. नवा पासवर्ड काय ठेवला असेल मी? जुनाच, फक्त शेवटचा ६ काढून ७ केला. प्रयोगशाळेत विचारलं, तर बहुतेकांचं तेच. एकाने तर कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवली होती.

इथे दोन वाटा फुटतात. एक, ‘सिस्टीमच भंगार आहे’ म्हणून चहाला जायचं. (तेही केलं.) दुसरी, या वैतागाला प्रश्नाचं रूप द्यायचं. पीएचडी करू पाहणाऱ्या तुम्हाला मला ही दुसरी वाट दाखवायची आहे.

आधी नियमामागचं गृहीतक शोधा. मुदतीचा नियम असं धरून चालतो की पासवर्ड चोरीला गेला तरी काही दिवसांत तो बदलेल आणि चोराच्या हाती निकामी किल्ली उरेल. ऐकायला पटतं. पण त्यात एक न बोललेली अट आहे : नवा पासवर्ड जुन्यावरून ओळखता येऊ नये. ही अट खरी आहे का? हा झाला संशोधनप्रश्न. ‘मेल त्रासदायक आहे’ हे तपासता येत नाही, हे येतं.

मग पुरावा बघा. २०१० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या झांग, मोनरोज आणि रायटर या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्यांच्याकडे विद्यापीठाच्या बंद झालेल्या खात्यांचे जुने पासवर्ड हॅश रूपात होते. हॅश म्हणजे पासवर्डचं असं गणिती रूप, ज्यावरून मूळ शब्द थेट काढता येत नाही, अंदाज लावून जुळवावा लागतो. ७,७०० हून जास्त खात्यांच्या अभ्यासात दिसलं, की जुना पासवर्ड माहीत असेल तर पुढचा पासवर्ड सुमारे ४१ टक्के वेळा काही सेकंदांत सापडतो. १७ टक्के खात्यांमध्ये तर पाचेक अंदाज पुरतात. लोक काय करत होते? आकडा एकने वाढवायचा, चिन्ह इकडचं तिकडे करायचं. म्हणजे माझं ‘६ चं ७’!

पण आकडा वाचताना थांबा. हे टक्के कशाचे? ज्या खात्यांचा निदान एक तरी जुना पासवर्ड संशोधकांना फोडता आला, त्यांचे. जे अजिबात फुटले नाहीत, ते या हिशोबात नाहीत. म्हणून ‘जगातले ४१ टक्के पासवर्ड असे असतात’ असं लिहिलंत, तर गाईड लाल पेन काढतील आणि ते बरोबरच असेल.

दोष कोणाचा, हेही तपासा. ‘लोकच निष्काळजी’ हे उत्तर सोपं आहे. १९९९ मध्ये अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅसे यांनी प्रश्नावली व मुलाखती घेऊन दाखवलं, की कामाशी न जुळणारे नियम लादले की माणसं पळवाटा शोधतात. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच म्हटलं होतं, की वापरकर्ते शत्रू नाहीत. कीबोर्डखालच्या चिठ्ठीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते. तो आळस नसतो, नियम जमत नसल्याची ती खूण असते.

आणि नियम आला कुठून? अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेसाठी २००३ च्या सुमारास पासवर्डविषयी मार्गदर्शन लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये एका वृत्तपत्राला सांगितलं, की त्यातल्या बऱ्याच सल्ल्यांचा आता पश्चात्ताप होतो. लिहिताना हाताशी खऱ्या पासवर्डची पुरेशी माहितीच नव्हती. त्याच वर्षी निस्टने सल्ला बदलला : उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र बदलायलाच लावा. तरी अनेक कार्यालयांत जुना नियम अजून ठाण मांडून आहे. तो का टिकतो, हा आणखी एक प्रश्न. हवा असेल तर घ्या!

एक सावधगिरी. या विषयावर काम करायचं ठरवलंत, तर मित्रमैत्रिणींचे पासवर्ड गोळा करत बसू नका, ‘फक्त अभ्यासासाठी’ सुद्धा नाही. ‘पासवर्ड काय आहे’ हे विचारायचं नसतं, ‘बदलताना तुम्ही काय करता’ हे विचारायचं. तेही नीतिमत्ता समितीची परवानगी घेऊनच.

आज एक काम करा. वहीच्या मागच्या पानावर या आठवड्यात तुम्हाला चिडवणाऱ्या तीन नियमांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा : हा नियम काय गृहीत धरतो? ते खोटं ठरायचं असेल, तर मला काय दिसायला हवं? माझं अनुदान गेलं ते गेलंच. पण माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्या शनिवारी सुरू झालं.